एक हात वहिनींचा

प्रवासाला निघताना कुणी देवाला हात जोडतं, कुणी गॅस बंद केलाय ना ते पुन्हा पुन्हा बघतं. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे भालूदादा प्रवासाच्या आधी आजारी पडायचे. ताप नाही, खोकला नाही, नुसतेच आजारी. जेवण जायचं नाही, बोलता बोलता गप्प व्हायचे, शर्टाचे खिसे सारखे चाचपायचे. कारण दर वेळी एकच असायचं. कुठल्या लेन्स न्यायच्या ते ठरत नसे.

मग जिन्यातून हाक यायची, "शुभे, जरा वर ये गो. निकाल लागत न्हाय."

मी काही फोटोग्राफर नाही. विम्याच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या काळज्या कागदावर तपासणारी बाई मी. पण नवघरच्या आमच्या त्या जुन्या बिल्डिंगमध्ये हा निवाडा करायला दादांना मीच लागायचे. का, तर "तुला त्यातलं काय कलत न्हाय, म्हनून तू खरं सांगतंस," असं ते तोंडावर म्हणायचे. हा माझा मान होता की अपमान, ते मी कधी विचारलं नाही.

वर गेलं की दिवाणावर जुनी सुती चादर अंथरलेली असायची आणि तिच्यावर सगळ्या लेन्स शेजारी शेजारी मांडलेल्या. दादांनी त्यांना नावं दिली होती. लांबचं जवळ आणणारी ती लांबडी. अख्खा मांडव एका फोटोत घेणारी ती फताडी. कायम कॅमेऱ्यावर बसलेली ती रोजची. आणि एक छोटीशी, मुठीत मावणारी, ती बारकी. ही बारकी ना लांबचं जवळ आणायची, ना जवळचं लांब न्यायची. आपण उभे असू तिथून आपल्याला जसं दिसतं, तसंच ती दाखवायची. "हिच्यासाठी आपल्यालाच पुढं-मागं चालावं लागतं," दादा नाराजीने सांगायचे. त्यांचं आणि बारकीचं काहीतरी बिनसलेलं होतं. ते काय, ते मला पुढे कळलं.

"हां, आता सांग. कोनाला ठेवू?"

"लांबडीला ठेवा."

"आनि वाघ आला तं?"

"दादा, तुम्ही शिर्डीला चाललाय."

"रस्त्यात काय पन येऊ शकतं."

आतून, स्वयंपाकघरातून, सुमनवहिनींचा आवाज यायचा, "सगल्या न्या, आनि मना हितंच ठेवा."

शेवटी तेच व्हायचं. म्हणजे वहिनी जायच्याच, पण सगळ्या लेन्सही जायच्या. बॅग इतकी जड व्हायची की दादांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा कायमचा खाली गेला होता. पाठमोरे दिसले तरी लांबून ओळखू यायचे. रिक्षात बसताना आधी बॅग बसायची, मग दादा बसायचे, आणि उरलेल्या जागेत वहिनी कशाबशा टेकायच्या. रिक्षावाल्याला ठरलेली सूचना असायची, "भैया, धीरे लेना, अंदर काच है." वहिनींबद्दल रिक्षावाल्याला कधी काही सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

दादांचं घराणं मूळचं इथलंच. खाडीकडची मिठागरं, मागे थोडी भातशेती. मीठ गेलं, भात गेला, जमिनीवर बिल्डिंगा आल्या, त्यातल्याच एकीत यांच्या वाट्याला वरच्या मजल्यावरची जागा आली. दादांनी तरुणपणीच कॅमेरा हातात घेतला आणि स्टेशनजवळ एका गाळ्यात स्टुडिओ थाटला. पासपोर्टचे फोटो, बारसं, साखरपुडा, आणि मुख्य म्हणजे आसपासच्या गावांमधल्या हळदी. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी असते. हळदीला गाव लोटतं, बँजो येतो, रात्र कमी पडते. अशा ठिकाणी फोटोवाला म्हणजे भटजींच्या खालोखाल मान.

एकदा राई गावातल्या हळदीला दादा निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरले. फताडी घरी राहिली होती. ती घेऊन पोचेपर्यंत नवरदेवाला हळद लागून गेलेली. दादांच्या तोंडचं पाणी पळालं. ते मांडवाच्या दारात उभे राहून नुसते खिसे चाचपायला लागले. त्यांचा चेहरा बघून नवरदेवाच्या आत्यालाच दया आली. तिने नवरदेवाला पुन्हा पाटावर बसवलं, म्हणाली, "बस रं, भालूसाठी आनखी एकदा लाव." बायकांनी गाणी पहिल्यापासून म्हटली. तो नवरदेव आता दोन मुलांचा बाप आहे आणि अजून सांगत फिरतो, की मला दोनदा हळद लागली म्हणून माझी बायको माझं दुप्पट ऐकते. त्याची बायको मात्र हे ऐकून काही बोलत नाही.

मला वाटायचं, हा माणूस हौशी आहे, थोडा विक्षिप्त आहे. भीती वगैरे मला दिसायची नाही. ती दिसली त्यांच्या कपाटात.

खाडीच्या हवेत लेन्सच्या काचेला आतून बुरशी धरते. एकदा धरली की काच गेलीच म्हणून समजायचं. दादा लेन्स स्टीलच्या डब्यांत ठेवायचे, प्रत्येक डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. आणि डब्यांच्या शेजारी, कपाटाच्या त्याच खणात, एक छोटी वाटी. वाटीत खडे मीठ. मिठागरावर वाढलेल्या माणसाला हवेतली ओल ओळखायला यंत्र लागत नाही, मीठ लागतं. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी दादा कपाट उघडून वाटीत बोट फिरवायचे. खडे कोरडे असले की दिवस बरा. मिठाला पाणी सुटलेलं दिसलं की हाक तळमजल्यापर्यंत जायची, "सुमन, पानी सुटलं!" मग सगळ्या पुरचुंड्या सोडायच्या, तांदूळ तव्यावर पुन्हा भाजायचे, गार करायचे, बांधायचे. पावसाळ्यात हे दिवसाआड चालायचं. वहिनी म्हणायच्या, "आमच्या घरात तांदूल शिजतात कमी, भाजतात जास्त."

एकदा न राहवून मी विचारलं, "दादा, इतकं काय हो? एखादी लेन्स नसली, एखादा फोटो चुकला, तर काय होतं?"

दादांनी भिंतीकडे बोट केलं.

त्यांच्या हॉलमध्ये एक मोठा फोटो चौकटीत लावलेला होता. पांढरं-करडं मिठागर, मिठाच्या राशी, वर रिकामं आभाळ, आणि मधोमध, लांबच्या बांधावर, एक काळा ठिपका. येणारा प्रत्येक जण विचारायचा, हा कसला फोटो. दादा म्हणायचे, "ते आमचे आबा." म्हणजे वडील.

मीठ बंद झालं त्या वर्षीची गोष्ट. शेवटची रास उचलायचा दिवस होता. दादा कुठल्याशा लग्नाच्या ऑर्डरला निघालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, नवे बूट. बाकीच्या लेन्स स्टुडिओत, कॅमेऱ्यावर फक्त बारकी. रस्त्यावरून त्यांनी बघितलं तर आबा लांब बांधावर एकटे उभे. आबांना फोटोचा तिटकारा. कॅमेरा दिसला की पाठ फिरवून चालू लागायचे. त्या दिवशी मात्र स्वतःहून थांबले, डोक्यावरचं फडकं काढलं, हात वर केला आणि हाक मारली, "जवल ये!"

मधे चिखल होता. पायात नवे बूट होते. ऑर्डरला उशीर होत होता. दादांनी रस्त्यावरूनच एक फोटो काढला आणि ते निघाले. त्यानंतर आबा कधी कुणाच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नाहीत, आणि फार दिवस राहिलेही नाहीत.

"लांबडी जवल असती तं आबांचं तोंड आलं असतं," दादा म्हणाले. तेव्हापासून एकही लेन्स मागे ठेवायला त्यांचं मन धजायचं नाही.

आतून वहिनी म्हणाल्या, "चालत गेलं असतं तरी बी आलं असतं."

दादांनी चौकटीची काच बाहीने पुसली. हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं जात नव्हतं, एवढं मला कळलं.

मग तो पावसाळा आला, ज्यात मिठाला पाणीच सुटलं नाही.

आमच्या घरात टॉवेल वाळत नव्हते, पापड मऊ पडत होते, चपला हिरव्या झाल्या होत्या, आणि वरच्या मजल्यावर दादा खुशीत होते. "यंदा हवा कोरडी हाय गो," मला जिन्यात सांगायचे. मी म्हटलं, "दादा, तुमच्या घरात वेगळी हवा येते का?" ते हसायचे. त्या पावसाळ्याइतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. रोज सकाळी वाटीत बोट फिरवायचे, मीठ कोरडं ठणठणीत. तांदूळ भाजणं बंद झालं.

गणपतीत मी मोदकांचं ताट घेऊन वर गेले, तर दादा जमिनीवर बसलेले. विसर्जनाचे फोटो काढायला लांबडी डब्यातून काढली होती. त्यांनी ती उजेडाकडे धरून मला दाखवली. काचेच्या आत पांढरे बारीक धागे पसरले होते, थेट मधोमध.

"असं कसं झालं?" ते मिठाच्या वाटीकडे बघत म्हणाले. "मीठ तं कोरडं हाय." मग त्यांनी चिमूटभर मीठ हातावर घेतलं, बोटांनी चोळलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "सुमन, हे खडे मीठ न्हाय. हे पुडीतलं हाय."

पुडीतलं बारीक मीठ ओल धरत नाही. तसंच बनवलेलं असतं ते. वाटी महिनोनमहिने खोटं सांगत होती, आणि बोटाला कोरडं लागतंय या खुशीत दादांनी खडे की बारीक तेही बघितलं नव्हतं.

वहिनी दारात आल्या. म्हणाल्या, "वाटी पडली माझ्या हातून. मीठ सांडलं. घरात दुसरं न्हवतं, म्हनून पुडीतलं भरलं."

"कधी?"

"पावसाच्या आधी."

"मग बोलली का न्हायस?"

"तुमचा जीव वरखाली होतो म्हनून."

दादा आधी चिडले होते. मग बहुतेक त्यांना दुसरंच काहीतरी खटकलं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पन पडली कशी?"

वहिनींनी उजवा हात पदराखाली घेतला. दादा उठले, त्यांच्याजवळ गेले, म्हणाले, "काढ बाहेर." वहिनींनी हात बाहेर काढला. तो थरथरत होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, थांबवले तरी थांबत नव्हते. मी मोदकांचं ताट हातात धरून तशीच उभी राहिले. कुठे ठेवावं ते सुचेना.

डॉक्टरांनी कंपवाताची सुरुवात आहे म्हणून सांगितलं. औषधाने बरं वाटेल, पण हळूहळू तोल जाईल, चालणं अवघड होईल. कुठे फिरायचं असेल तर यंदाच फिरून घ्या. जिन्यात मला हे सांगताना दादा मधेच थांबले. "मी वाटीकडं बघत होतो गो," ते म्हणाले. "रोज सकाली. हाताकडं न्हाय बघितलं."

त्यांची मुलगी बडोद्याला असते. तिने फोनवर आईला विचारलं, तुला कुठे जायचंय ते सांग, मी तिकिटं काढते. आम्हाला सगळ्यांना वाटलं, काशी म्हणतील, रामेश्वर म्हणतील. वहिनी म्हणाल्या, "मना बरफ बघायचा हाय."

वहिनी इथल्याच खाडीकाठच्या डोंगरी गावच्या. लहानपणी गावात कुणाच्यातरी टीव्हीवर त्यांनी सिनेमात हिरोइनीला बर्फात नाचताना बघितलं होतं. त्यांना वाटलं, ती मिठावरच नाचतेय. पांढऱ्या राशी म्हणजे मीठ, दुसरं काय असणार. "मना वाटायचं, बाईच्या पायाला मीठ चरचरत कसं न्हाय?" त्या सांगायच्या. "तवापासून मनात हाय. जवलून बघायचा."

मनालीचं ठरलं. आणि चादर पुन्हा दिवाणावर अंथरली गेली.

या वेळी मला हाक आली तेव्हा मी हसत हसत वर गेले आणि वर गेल्यावर माझं हसू गेलं. दादा खरंच आजारी दिसत होते. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. "सांग, कनची नेऊ? डोंगर म्हटले तं फताडी पायजे. लांबची शिखरं म्हटली तं लांबडी पायजे, पन साफ करून आनली तरी तिचा भरवसा न्हाय आता. बरफात काच गार पडतं, मग गाडीत आलं का आतून पानी धरतं. रोजची अशी धुकाळली तं? येकच खेप हाय, शुभे. येकच. परत न्हाय जायला मिलनार तिला."

मी म्हटलं, "सगळ्या न्या." पहिल्यांदाच मी तसं म्हटलं असेन.

"बॅग उचलंल कोन? तिचा हात मी धरायचा हाय."

खरी अडचण ती होती, आणि ती आम्हाला नीट कळली गच्चीवर. दादांनी रंगीत तालीम करायची ठरवली. संध्याकाळी आम्ही तिघं वर गेलो. वहिनी दादांच्या डाव्या हाताला. कॅमेरा गळ्यात. दादा म्हणाले, समज आता शिखर दिसलं, लेन्स बदलायची. लेन्स बदलायला दोन हात लागतात. एकाने कॅमेरा धरायचा, दुसऱ्याने पिळून लेन्स काढायची. दादांचा एक हात वहिनींचा होता. त्यांनी एका हाताने करून बघितलं. काढलेली लेन्स काखेत, दुसरीचं झाकण दातांत, फताडी उजव्या हातात, कॅमेरा पोटावर लोंबतोय. वहिनींना हसू आवरेना. मलाही आवरेना.

हसता हसता वहिनींचा तोल गेला. दादांच्या हातातून त्यांचा हात सुटला आणि त्या सरळ बाजूला कलंडल्या, पाण्याच्या टाकीच्या दिशेने. मी जवळ होते, माझ्या अंगावर पडल्या, म्हणून वाचल्या. मी त्यांना सावरून उभं केलं आणि दादांकडे बघितलं. ते जागच्या जागी उभे होते. फताडी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

त्यांनाही ते दिसलं. स्वतःच्या हातांकडे ते बघतच राहिले.

"काय न्हाय झालं," वहिनी म्हणाल्या. "चला खाली, चाय करते."

पुढचे काही दिवस वरून हाक आली नाही. मला धास्ती वाटायला लागली, की आता हा माणूस जाणंच रद्द करतो की काय. वहिनी रोज गॅलरीत लोकरीचा स्वेटर उन्हात टाकायच्या, संध्याकाळी काढायच्या, आणि काही विचारायच्या नाहीत.

मग एका रविवारी सकाळी दादा स्वतः खाली आले. आजवर मीच वर जायचे, ते खाली आले नव्हते. दारातच त्यांनी मूठ उघडली. मुठीत बारकी होती.

"हीच नेतो. कॅमेऱ्यावर लावून टाकतो हितंच. बदलायचीच न्हाय."

मला त्यांना हसवायचं होतं. मी म्हटलं, "आणि वाघ आला तर?"

ते हसले नाहीत. "मना भीती वाटतं गो," ते म्हणाले. "आबांच्या येलेला हीच व्हती. हिच्यात डोंगर येनार न्हाय. शिखरं न्हाय येनार. सगला बरफ बी न्हाय येनार. तिचं तोंड तेवढं येईल. ते बी मी जवल गेलो तं."

मी म्हटलं, "दादा, चहा घ्या."

निघायच्या दिवशी रिक्षा फाटकाशी आली. दादांच्या खांद्यावर वहिनींची औषधांची पिशवी आणि गळ्यात कॅमेरा, बस. या वेळी आधी वहिनी बसल्या. दादांनी नेहमीप्रमाणे सांगायला सुरुवात केली, "भैया, धीरे लेना, अंदर..." आणि अडखळले. मग म्हणाले, "घरवाली को चक्कर आता है. धीरे लेना."

रिक्षा सुरू झाली आणि थांबली. दादा उतरून लगबगीने जिन्याकडे आले. मी ओळखलं, लांबडी आणायला चालले. मी जिन्यात आडवी उभी राहिले. "दादा, आता नाही. बसा जाऊन."

"अगं चावी द्यायची ऱ्हायली," ते म्हणाले आणि माझ्या हातात घराची चावी ठेवली. "खडे मीठ भरलंय वाटीत. सकाली बघ. पानी सुटलं तं तांदूल भाज. जास्त काले नको करू."

ते गेले आणि त्यांची काळजी माझ्याकडे ठेवून गेले. मी रोज ऑफिसला निघायच्या आधी वर जाऊन वाटीत बोट फिरवायला लागले. दोनदा तांदूळ भाजले, एकदा करपवले. बातम्यांत डोंगराकडे बर्फ पडून रस्ते बंद झाल्याचं दाखवलं, तेव्हा मी ऑफिसातून फोन लावत राहिले, लागेना. मनात नको नको ते यायला लागलं. बर्फावर माणूस घसरतो. दादांचा एक हात वहिनींचा, दुसरा कॅमेऱ्याचा, आणि घसरले तर धरायला तिथे मी नाही. संध्याकाळी एकदाचा त्यांच्या मुलीचा फोन आला, की दोघं हॉटेलवर सुखरूप आहेत. माझा जीव भांड्यात पडला. मग मला भालूदादांची पहिल्यांदा खरी दया आली. हा माणूस इतकी वर्षं असंच जगत होता.

परत आल्यावर हकिकत वहिनींनी सांगितली. दादा शेजारी नुसते बसून होते.

बर्फापर्यंत गाडी गेली. पुढे चालायचं होतं, आणि पायाखाली सगळं निसरडं. दादांनी वहिनींचा हात असा आवळून धरला, की बोटं दुखायला लागली. आजूबाजूला लोक मोबाइलवर फोटो काढतायत, बर्फाचे गोळे मारतायत, आणि हे दोघं उभे. दादा कॅमेऱ्याला हातसुद्धा लावेनात. थोड्या वेळाने म्हणाले, "बघितलास ना बरफ? चल, गाडीत बसू."

"आनि फोटू?" वहिनींनी विचारलं.

"हात मोकला न्हाय."

"मंग मी काय केलं," वहिनी मला म्हणाल्या, "फतकल मारली. तितंच, बरफात. म्हटलं, आता सोडा हात. बसलेलं मानूस पडंल कुठं?"

दादांनी तरी हात सोडला नाही. वहिनी म्हणाल्या, ही भाड्याने घेतलेली पँट भिजतेय माझी, लवकर करा. मग त्यांनी हात सोडला. आणि बारकी ती बारकी, लांबून काही यायचं नाही, म्हणून दादा पुढे सरकले, आणखी पुढे सरकले, गुडघ्यांवर बसले, वहिनींच्या अगदी समोर. तोवर वहिनींनी बर्फाची मूठ भरली होती. थरथरत्या हाताने त्यांनी ती तोंडात घातली, आणि दादांनी फोटो काढला.

दादांनी मला तो दाखवला. फोटोत डोंगर नाही, शिखर नाही, बर्फसुद्धा ओठाला लागलाय तेवढाच. सगळा फोटोभर वहिनींचा चेहरा. डोळे गच्च मिटलेले, नाक आक्रसलेलं, तोंड हसण्याच्या बेतात. हनुवटीजवळचा हात मात्र पुसट, हललेला.

"काय बोलली ठावं हाय?" दादा म्हणाले. "अलनी हाय, म्हनाली. अलनी!"

दोघं हसायला लागले. वहिनी म्हणाल्या, "हाय तं हायच अलनी. मना खातरी करायची व्हती."

मी फोटो हातात धरून बसले. दादांचा हात खिशाकडे गेला. "डोंगर न्हाय आला गो," त्यांनी हळूच विचारलं. "चालंल ना?"

मी म्हटलं, "दादा, चालेल." त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो फोटो आबांच्या शेजारी लागला.

आता ती बिल्डिंग नाही. ती पाडून नवी व्हायची आहे, आणि आम्ही सगळे भाड्याच्या जागांमध्ये पांगलोय. दादा-वहिनी डोंगरीला, वहिनींच्या माहेरच्या बाजूला राहायला गेले. तिथे सगळं तळमजल्यावर आहे, जिना नाही. गेल्या थंडीत मी बसने त्यांना भेटायला गेले. घराशी पोचण्याआधीच ते मला रस्त्यावर दिसले, पाठमोरे. उजवा खांदा खाली होता, म्हणून ओळखलं. दोघं हात धरून चालले होते, अगदी बारीक पावलांनी. वहिनींचं पाऊल उचलेपर्यंत दादा थांबायचे, मग स्वतःचं टाकायचे.

इतक्यात खाडीच्या बाजूने फ्लेमिंगो आले. चांगली लांबलचक रांग, इतकी खाली की पंखांखालचा गुलाबी रंग दिसत होता. पूर्वी या पक्ष्यांसाठी दादा आठवडा आठवडा आजारी पडलेले मी बघितले होते. मी मागूनच ओरडले, "दादा, वर बघा! लांबडी कुठाय?"

त्यांनी मागे वळून मला बघितलं, मग वर बघितलं. मोकळा हात सवयीने खिशाकडे गेला, खिसा चाचपला आणि खाली आला.

"घरात हाय," ते म्हणाले. "पन हात मोकला न्हाय गो."

वहिनींनी त्यांच्याकडे मान वळवली. आता त्यांचं बोलणंही हळू झालं होतं, एकेक शब्द जुळवून यायचा. "बसू काय मी?" त्यांनी विचारलं.

"नको," दादा म्हणाले. आणि त्यांचा हात तसाच धरून, मान वर करून, दोघं रस्त्यात उभे राहिले.